ठकीचे सात वार

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक परटीण राहायची. सोमवारी वरच्या आळीचे कपडे, मंगळवारी बाजारपेठेचे, बुधवारी पाटलांकडचे, असा तिचा आठवडा बांधलेला. वार कधी चुकला नाही. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराच्या कपड्याला कोपऱ्यात बिब्ब्याच्या न निघणाऱ्या रसाची खूण असे. कुणाची फुली, कुणाची आडवी रेघ, पाटलांचे तीन ठिपके.

तिला दोन वर्षांची मुलगी होती. पोर पाण्यात जाऊ नये म्हणून परटीण तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक घाटावरच्या दगडाला. सासूनेही आपला मुलगा असाच वाढवला होता. पोर रडायची नाही आणि बोलायचीही नाही. लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून सगळे तिला ठकीच म्हणायचे.

"नशीब काढलंस बाई," घाटावरच्या बाया म्हणायच्या. "आमची कार्टी नुसता जीव खातात."

परटिणीलाही ते खरं वाटायचं.

एक दिवस धोतर पिळता पिळता तिने वर पाहिलं, तर दगडाची गाठ सुटलेली. केव्हाची सुटली होती कोण जाणे. चार पावलांवर एक करडू उड्या मारत होतं. ठकी त्याच्याकडे टक लावून बघत होती, हातही पुढे केला होता. पण पट्टी जिथवर पुरायची तिथवरच ती सरकली होती. पुढे नाही.

परटिणीला उमगलं. पोर गुणी नव्हती. सुटली तरी बांधलेलीच होती.

तिने पोरीच्या कमरेची पट्टी सोडली, घडी करून आपल्या कमरेला खोचली. घरी जाऊन चुन्याने भिंतीवर सात रेघा ओढल्या.

"हे काय काढलंस?" सासूने विचारलं.

"ठकीचे वार. साऱ्या गावाच्या कपड्यांना वार आहे, आत्याबाई. माझ्या पोरीला एकही नाही."

"अगं, खेळायला कुणी वार लावतं का? पोरं आपली आपण वाढतात."

"आपली आपण वाढली म्हणूनच दगडाशी बसली."

सोमवारी चिंध्यांच्या जोड्या लावायच्या. चिंध्यांवर तिने गावातल्या घरांच्या खुणा करून, चांगल्या वाळवून ठेवल्या होत्या. मंगळवारी पाणी, या वाटीतून त्या वाटीत. बुधवारी आळीच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि दिसेल त्याचं नाव घ्यायचं. कणकेच्या गोळ्याचा एक दिवस, गाण्यांचा एक, गाठोड्यांवर चढायचा एक. रविवारी ठकी म्हणेल ते. रोज सकाळी ऊन अंगणातून उंबऱ्याला लागेपर्यंतचा वेळ ठकीचा. त्यानंतर घाट. तिथेही पोर पाण्यापासून लांब, वाळवणाच्या माळावर, आजीपाशी.

पहिला सोमवार नुसता बसण्यात गेला. दुसऱ्या सोमवारी ठकीने चिंधी तोंडात घातली. सासू हसली. परटिणीने चिंधी धुतली आणि पुन्हा पुढे ठेवली.

मग एका मंगळवारी ठकीने वाटी भिरकावली आणि चिंध्यांच्या टोपलीकडे बोट दाखवून हातपाय आपटले. परटिणीचा हात उगारला होता, तो तसाच थांबला. पोरीने आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं! तिने मुकाट टोपली काढली. वार तिने लावले होते, पण खेळायचं ठकीला होतं.

असे तीन महिने गेले. ठकी आता अंगणभर फिरायची, जोड्या भराभर लावायची. शब्द मात्र तोंडातून फुटेना.

तेवढ्यात पाटलांकडे लग्न निघालं. पाटलीणबाई ऐन सकाळी स्वतः दारात आल्या, मागे गाठोडी घेऊन दोन गडी.

"आमचे आणि दोन्ही चुलत घरांचे कपडे आहेत. ऊठ, आत्ताच्या आत्ता घाटावर जा."

"ऊन उंबऱ्याला आलं की निघते."

"एवढं काय काम चाललंय?"

"पोरीशी खेळतेय."

"खेळतेय!" पाटलीणबाई हसल्या. "बांध तिला नेहमीसारखी आणि चल. नाहीतर शेजारच्या गावचा परीट बोलावते."

सासूने चिमटा काढला. "अगं, जा की! पाटलांचं घर तुटलं तर खायचं काय?"

परटिणीला ते कळत का नव्हतं? पण समोर ठकी हातात चिंधी धरून तिची जोडी शोधत होती.

"बोलवा," ती म्हणाली.

गाठोडी गेली. सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पाटलीणबाई पुन्हा आल्या, घामाघूम. परक्या परटाने कपडे धुतले होते स्वच्छ, पण त्याला इथल्या खुणा ठाऊक नव्हत्या, आणि घरच्यांनीही त्या कधी निरखल्या नव्हत्या. तिन्ही घरांचं एकच गाठोडं करून तो निघून गेला होता. तिकडे जावा-जावांत भांडणं लागली होती.

"यातलं आमचं कुठलं, तूच सांग बाई," म्हणत त्यांनी सगळा ढीग अंगणात ओतवला.

परटीण हात पुसून उठेपर्यंत ठकी ढिगात शिरली होती. तिने एक लुगडं ओढलं, कोपरा बघितला आणि पाटलीणबाईंच्या पायाशी आणून टाकलं. तीन ठिपके. मग धोतर. त्यावरही तीन ठिपके. फुलीवाला शेला आला, तो तिने बाजूला ठेवला.

आणि मग बारीक आवाज आला, "हे."

ठकीने आणखी एक उपरणं ओढून आणलं.

"हे पन."

सासूने पदर तोंडाला लावला.

"पोर जात्याच हुशार दिसते हो," पाटलीणबाई म्हणाल्या.

"जात्याच काही नाही," परटीण म्हणाली. "दगडाला बांधली होती तेव्हाही हीच पोर होती."

पाटलीणबाईंनी मान खाली घातली. पायाशी पडलेलं लुगडं उचलत विचारलं, "पुढचं गाठोडं कधी पाठवू?"

"ऊन उंबऱ्याला लागल्यावर."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: गप्प बसणाऱ्या पोराचं कौतुक करण्याआधी त्याला कशाने बांधलंय ते बघा. आणि त्याच्या खेळाला कामातून उरलेला वेळ देऊ नका, कामासारखा ठरवून द्या.