एक सेल कमी

"मग बिघाड आहे तरी कुठे, उस्ताद?"

वैदेही बिडकर रडकुंडीला आली होती. सलग दोन वर्षं तिची रिमोटवरची बोट शेवटच्या फेरीत तळ्याच्या मधोमध बंद पडली होती आणि काठावरच्या मंडळींनी पोट धरधरून हसून घेतलं होतं. आज दुपारी पुन्हा शर्यत. पुन्हा फजिती झाली, तर ती या तळ्यावर पाऊल ठेवणार नव्हती. त्यातून बाई इंजिनिअर, तीही सुवर्णपदकवाली.

दस्तगीर उस्ताद मिरजेच्या तळ्यालगत आपल्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. बोलायचे मोजकंच.

"काय काय बदललंस?"

"मोटर बदलली. पंखाही नवा घातला."

"बॅटरी?"

"ठणठणीत आहे. सहाही सेल एकेक करून मोजले. अगदी सारखे." तिने नवाकोरा मीटर तोऱ्यात पुढे धरला.

"कुठं मोजलेस?"

"घरी. टेबलावर."

उस्ताद नुसते हसले...

मग उठले, बाही वर सारली, बोट पाण्यात सोडली आणि मागून गच्च धरून ठेवली.

"पळव."

"अहो, पण तुम्ही धरलीये ना!"

"पळव म्हणतो ना."

तिने रिमोटची दांडी पुढे रेटली. पंखा घुमला, पाणी उसळलं, उस्तादांचा सदरा भिजला. बोट जीव खाऊन ओढू लागली. एक मिनिट... दोन मिनिटं...

"दांडी तशीच राहू दे. आता मोज."

पहिला सेल ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर आकडा शून्याच्याही खाली! टेबलावर साळसूदपणे बसणारा हा पठ्ठ्या कामाला जुंपल्यावर उलटा चालत होता आणि बाकीच्या पाचांचंच खात होता.

दोन वर्षं! वैदेहीला स्वतःचीच लाज वाटली.

"आता नवा सेल कुठून आणू? दोन तासांत शर्यत आहे."

उस्तादांनी दुकानातून पक्कड आणून तिच्या हातावर ठेवली.

"कापू? पाचच उरतील, उस्ताद. बोट आणखी मंद होईल!"

उस्ताद सदरा पिळत राहिले...

तिने कापला. दुकानातच सोल्डरिंग करून जोड दिला, पाच सेल पुन्हा चार्ज केले आणि देवाचं नाव घेऊन बोट पाण्यात सोडली.

शर्यत आठ फेऱ्यांची. सातवीपर्यंत ती तिसरी होती. आठवीत, नेमकी जिथे दरवर्षी मान टाकायची तिथे, बोट तशीच सुसाट निघाली. एक मागे पडली. दुसरीही मागे पडली. आणि हसणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वैदेहीची बोट पहिली आली! काठावर नुसता कल्ला झाला.

ओली बोट छातीशी धरून ती धावत आली. आनंदाने तिला धड बोलताही येईना.

"जिंकलो, उस्ताद! एक सेल कमी असून जिंकलो!"

उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कमी कुठं, पोरी? सकाळी तर पाचसुद्धा नव्हते."