गोजराचं पहिलं मागणं

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात हैबती नावाचा बुरूड आणि त्याची बायको गोजरा राहत होती. बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणून दोघं पोट भरत.

गोजराचे आईबाप ती तान्ही असतानाच गेले. ती मामाकडे वाढली. भूक लागली म्हटलं, तरी मामी करवादायची, "सारखं काय गं मागतेस?" मग पोरीनं मागणंच सोडलं. पायातला काटासुद्धा ती स्वतःच काढायची. हैबतीचं घर अगदी उलट. सहा भावंडांत तो धाकटा. घरात सतत हाका चालायच्या, "हैबत्या, पाणी दे! हैबत्या, पाठ चोळ!" त्याला तीच माया वाटायची.

लग्नानंतर हैबती बांबूची मोळी उचलायला पुढे झाला, की गोजरा म्हणायची, "असू द्या, जमतं मला." दोन वर्षांत तिनं त्याच्याकडे काही म्हणता काही मागितलं नाही. 'हिला मी नसलो तरी चालेल,' असं वाटून हैबती घुम्यासारखा राहू लागला. त्याला गप्प पाहून गोजराला वाटे, 'माझाच त्रास होत असेल. आणखी कमी बोलायला हवं.'

एकदा दूरच्या जंगलात बांबूतोडीला माणसं हवी होती. काम चार महिन्यांचं. हैबती म्हणाला, "मी जातो. तुझं माझ्यावाचून काही अडत नाही."

"बरं," गोजरा म्हणाली आणि तिनं भाकरी बांधून दिली.

तो निघाला. ती दारात उभी राहिली. तीन दिवसांपूर्वी कोयत्यानं तिचा तळहात कापला होता. हैबतीनं विचारलं, तेव्हा "खरचटलंय" म्हणून तिनं फडकं गुंडाळलं होतं. आता हात ठणकत होता, अंगात ताप होता. हाक मारावी, तर कानात मामीचा आवाज. न मारावी, तर आपला माणूस चालला.

शेवटी ती धावली. "अहो, थांबा!"

"काय गं?"

तिनं फडकं गुंडाळलेला हात पुढे केला. मग म्हणाली, "माझा हात फार दुखतोय. जाऊ नका."

हैबतीनं फडकं सोडलं. जखम चिघळली होती. "अगं, आधी का नाही बोललीस?"

"बोललं की माणसं कंटाळतात."

हैबतीचे डोळे भरून आले. "वेडे, दोन वर्षं मी तुझ्या हाकेची वाट बघतोय!"

"मग तुम्ही तरी का नाही सांगितलंत?"

 गाठोडं तिथंच टाकून हैबती तिला वैद्याकडे घेऊन गेला.

महिनाभरात हात बरा झाला. सवय मात्र इतक्या लवकर जाईना. कधी गोजरा एकटीच ओझं ओढायची आणि हैबती गाल फुगवून बसायचा. पण आता तो सांगायचा, "मी रुसलोय हं!" मग तिला हसू फुटायचं.

एका दुपारी तिनं परसातून हाक मारली. हैबती हातातलं काम टाकून धावत आला. "काय हवंय?"

"काही नाही," गोजरा लाजत म्हणाली. "जरा इथं बसा माझ्याजवळ."

तात्पर्य: लहानपणी जीव जपण्यासाठी लागलेली सवय संसारात जोडीदाराला परकं करू शकते. त्या सवयीला मायेचा अभाव समजू नये. मनातलं सांगावं, आणि समोरच्याला विचारावंही.