वरची दहा वर्षं

"खुनाबद्दल बारा वर्षं, आणि टोळीत असल्याबद्दल वरती दहा! एकूण बावीस!"

भानुदेव राजाने निवाडा दिला आणि शिपाई सटवा तेल्याला घेऊन निघाले. गर्दीतून त्याची बहीण मंजुळा पुढे आली.

"महाराज, बाजारातल्या भांडणात माझ्या भावानं माणूस मारला. बारा वर्षं त्यानं भोगलीच पाहिजेत. त्यातला एक दिवस मी कमी मागत नाही. पण तो कुठल्याही टोळीत नाही. वरची दहा तेवढी काढा!"

"काळफेट्यांच्या टोळीतला आहे तो!" कोतवाल हैबतराव गरजले. "मला पक्कं ठाऊक आहे!"

राजा मोठा हट्टी. निवाडा फिरवायचा म्हणजे त्याला मिशी उतरवल्यासारखं वाटे.

"ठीक! तो टोळीत नाही असं सांगणारा साक्षीदार तीन दिवसांत आण. पण टोळीतला माणूस चालणार नाही, तो खोटंच बोलणार. टोळीबाहेरचाही चालणार नाही. आत कोण आहे, कोण नाही, हे बाहेरच्याला काय कळणार?"

सारा दरबार हसला. मंजुळा मान खाली घालून घरी गेली. दोन दिवस घाण्यावर तिचं लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी बैलाला पेंड घालता घालता ती थबकली, आणि एकटीच हसत सुटली!

दरबारात ती रिकाम्या हाताने आली.

"साक्षीदार कुठाय?" राजाने विचारलं.

"तो नाही मिळाला, महाराज. पण टोळीतला एक माणूस सापडला. ते काय, तुमच्या शेजारीच उभे आहेत!"

"जीभ आवर!" कोतवाल ओरडले.

"महाराजच म्हणाले, आतली माहिती बाहेरच्याला कळत नाही. तुम्हाला तर पक्कं ठाऊक आहे!"

"मी टोळीत नाही!"

"मग तुम्हाला कळलं कसं? आतले असाल तर तुमची साक्ष खोटी, बाहेरचे असाल तर पोकळ! महाराज, मग ही दहा वर्षं उभी तरी कशावर आहेत?"

राजा आधी गोरामोरा झाला, मग पोट धरधरून हसला.

"काढा ती दहा वर्षं! आणि मंजुळाबाई, यापुढे वाढीव शिक्षेची प्रत्येक तक्रार आधी तुमच्यासमोर येईल."

"आणि माझा घाणा, महाराज?"

"सकाळी घाणा, दुपारी दरबार! पण बाई, माझ्या निवाड्यांना जरा सांभाळून हात लावा!"