टवका उडालेलं प्यादं

“मग माझं चुकलं कुठं, आक्का?”

कृष्णाकाठच्या मठाच्या ओसरीवर गोदाक्का बुद्धिबळाचा पट मांडत होत्या.

विश्राम ओगले अकराव्या वर्षी याच ओसरीवर आक्कांकडून खेळायला शिकले. आता पन्नाशी उलटली होती, आणि जगज्जेत्याशी खेळायला संगणकाचा कोणता प्रोग्राम पाठवायचा, हे त्यांच्या हाती होतं. सहाच्या आत निवडीच्या पत्रावर सही व्हायला हवी होती. निर्णय त्यांनी केव्हाच घेतला होता. आक्कांनी मान डोलावली, की झालं.

बाहेर टळटळीत दुपार. पान हलत नव्हतं, नदीचाही आवाज नव्हता.

“अंकुश आणि सारथी, दोनच प्रोग्राम उरले होते,” ओगले पुन्हा म्हणाले. “दोघांचे चोवीस डाव खेळवले. एकच यंत्र, सारखाच वेळ. प्रत्येक सुरुवात दोघांनी एकदा पांढऱ्यानं खेळली, एकदा काळ्यानं. अंकुश जिंकला.”

“अंकुश कुणाचा?”

“नचिकेतचा.”

“तुझा चेला.”

“म्हणूनच लोक म्हणतात, आपला तो बाब्या. नांदेडच्या त्या बाई सहा वर्षं सारथीमागे खपल्या, त्यांच्यावर म्हणे अन्याय झाला.” ओगल्यांचा आवाज चढला. बोलणं त्यांना फार लागलं होतं.

“सुरुवातीच्या खेळ्या कुणी निवडल्या?”

“मीच. माझ्या जुन्या वहीतून. डोळे मिटून पान उघडायचो, आक्का.”

“नचिकेत कुठल्या वहीतून शिकला?”

ओगल्यांनी घड्याळात पाहिलं.

“असू दे. एक डाव टाकू. रंग ठरव.”

ओगल्यांना हायसं वाटलं. एक पांढरं प्यादं उचलायचं, एक काळं, पाठीमागे हात फिरवायचे आणि दोन मुठी पुढे करायच्या. पांढऱ्या प्याद्याच्या डोक्याचा टवका उडाला होता. तो अंगठ्याला लागला. लहानपणीही असाच लागायचा.

आक्कांनी उजव्या मुठीवर बोट ठेवलं. काळं निघालं.

“पुन्हा.”

आक्कांनी डावी मूठ निवडली. काळं.

“पुन्हा.”

पुन्हा उजवी. पुन्हा काळंच.

“आज काळंच तुमच्या नशिबी,” ओगले हसले. पहिली खेळी आपली, या विचारानं ते मनातून सुखावलेही.

“आता दुसरी उघड.”

त्यांनी डावी मूठ उघडली.

तिच्यातही काळंच होतं.

ओगल्यांनी पटाकडे पाहिलं. काळ्या प्याद्यांच्या रांगेत दोन घरं रिकामी होती. पांढरी आठही जागच्या जागी उभी होती, आणि त्यांत ते टवका उडालेलं प्यादंही होतं. त्यावर पातळ धूळ होती. आज त्याला कुणाचा हात लागलेला दिसत नव्हता.

पण टवका अंगठ्याला अजून टोचत होता.

“आक्का... मी मुद्दाम नाही केलं.”

“ठाऊक आहे.”

त्या हे इतक्या मायेनं म्हणाल्या, की ओगल्यांच्या अंगावर काटा आला. स्वतःच्या हातांकडे त्यांना बघवेना.

“सही नाही करत,” ते घाईघाईनं म्हणाले. “डाव नव्याने खेळवू. वही नको. चिठ्ठ्या टाकू. त्या बाईंना तसं कळवतो. चिठ्ठ्या मी स्वतः लिहितो, स्वतः उचलतो, म्हणजे कुणाला बोलायला जागाच...”

“मूठ उघड, विश्राम.”

ओगल्यांनी खाली पाहिलं. दोन्ही तळवे पटाच्या कडेला उताणे पडले होते.

“उघड्याच आहेत, आक्का. दोन्ही.”

आक्कांनी ते दोन तळवे पाहिले. मग आत्ताच ‘मी स्वतः’ म्हणालेल्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“तिसरी.”