हत्तींचा चार दिवसांचा पहारा

कुणी मोजली नसतील इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नदीच्या वाळवंटात टिटव्यांचे दोन कळप होते, एक अलीकडच्या काठाला, दुसरा पलीकडच्या. टिटव्या घरटं बांधत नाहीत. उघड्या वाळूवरच अंडी घालतात, दिसायला अगदी खड्यांसारखी. जागेवरून रोज भांडणं व्हायची. शेवटी अलीकडच्यांनी दूरच्या जंगलातून हत्ती बोलावले. "चार दिवसांत शांतता करतो आणि निघतो," हत्तींचा सेनापती म्हणाला.

तेव्हा भागाक्का टिटवी अंड्यात होती. आता तिची नात अंडी घालायला लागली, तरी हत्ती आपले तिथेच. दोन्ही काठांवर त्यांची रोज गस्त, आणि रोज पायाखाली कुणाची तरी अंडी.

"अहो गजराज, जरा खाली बघून चाला की!" भागाक्का ओरडून ओरडून थकली.

"खडे बघत बसलो तर तुमचं रक्षण कोण करणार?"

वैतागून ती पलीकडच्या काठाला गेली. तिथेही फुटक्या कवचांचाच सडा होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही कळप पहिल्यांदाच एकत्र सेनापतीसमोर उभे राहिले. "आमचं भांडण मिटलं. आता तुम्ही निघा," भागाक्का म्हणाली.

सेनापतीचे डोळे भरून आले. "बघा, आमच्यामुळे एकी झाली! आता ती टिकवायला आम्हाला थांबायलाच हवं," असं म्हणत त्याने आनंदाने एक पाऊल पुढे टाकलं.

"आधी तो पाय उचला!" दोन्ही कळप एकदमच किंचाळले.