मेलेला गडी

देवरुखच्या दत्ताराम पालवांचा जिल्हा लीगमध्ये एक कबड्डी संघ होता आणि त्यांचा मुलगा निशिकांत त्याचा कर्णधार होता. घाटात जीप कोसळून निशिकांत गेला, तेव्हापासून संघ हरतच राहिला. दत्तारामांचंही मन उडालं. संघ विकून टाकावा आणि पुन्हा मैदानाचं तोंड पाहू नये, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

हॉटेलवाले आबासाहेब खानविलकर सामना चालू असतानाच सौदा करायला आले. खुर्ची ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "काका, कर्णधार मेला तिथंच संघ मेला. मेलेल्या मालाला कुठं गिऱ्हाईक मिळतंय? मी घेतोय, हे उपकार समजा!"

बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या पोरांनी माना खाली घातल्या. ते पाहून दत्तारामांना राहवेना.

"आबासाहेब, संघ घ्यायला निघालात, तर आधी खेळ तरी शिकून घ्या. कबड्डीत मेलेला गडी घरी जात नाही. आपल्यातला कुणी समोरचा गडी मारील आणि आपण उठू, म्हणून तो रेषेबाहेर वाट बघत बसतो."

आबासाहेब वरमले, पण हटले नाहीत. "तुमचा निशिकांत थोडाच उठणार आहे?"

"नाही उठणार," दत्ताराम हळूच म्हणाले. "पण वाट बघायला त्याला त्याचा संघ तरी राहू द्या."

आबासाहेब उठून गेले. समोर पोरांनी एक गडी मारला. बाहेर बसलेला एक पोरगा उठून आत धावला, आणि त्याच्या रिकाम्या जागेकडे दत्ताराम कितीतरी वेळ बघत राहिले.