घाटाच्या पायथ्याशी आलेलं औषध

खूप खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की ती सांगणाऱ्यांचीही नावं आता कुणाला आठवत नाहीत.

उंच घाटमाथ्यावर एक गाव होतं. तिथं दरवर्षी तापाची साथ यायची. गावाला आधार काय तो एका वैदीणबाईचा. घरामागच्या वाफ्यात ती काडेचिराईत लावायची आणि त्याचा कडू काढा घरोघर पाजायची. काही जात, पण बरेच वाचत.

एका वर्षी तीन राजांना गावाची दया आली. पहिला म्हणाला, "औषध माझं." दुसरा म्हणाला, "नदीपार न्यायला नावा माझ्या." तिसरा म्हणाला, "घाटाच्या पायथ्यापर्यंत बैलगाड्या माझ्या." तिघांनी एकमेकांना हार घातले. पायथ्यापासून वर कोण नेणार, हे कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाचा वाटा ठरला होता ना, मग झालं!

गावात आनंदीआनंद झाला. पाटील वैदीणबाईला म्हणाले, "आता तुझा पाला कशाला? औषधाच्या स्वागताला मांडव घालू. सपाट जागा काय ती तुझ्या वाफ्याचीच."

तिचं मन धजत नव्हतं. पण गावाच्या आनंदात मोडता कशाला घाला, म्हणून तिनं स्वतःच्या हातांनी सगळी रोपं उपटून फेकून दिली. मांडव मात्र मोठा देखणा झाला.

मग ताप आला. या खेपेला तो तिच्या एकुलत्या एक लेकीलाही आला.

"आई, थोडा काढा दे ना गं."

"औषध येतंय बाळा, आज-उद्या येईलच."

आज गेला, उद्याही गेला. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. शेवटी लेकीला शेजारणीच्या हवाली करून वैदीणबाई स्वतःच घाट उतरली.

पायथ्याशी उघड्यावर पोत्यांची थप्पी होती आणि शेजारी एक राखणदार बसला होता.

"कधी आलं रे हे?"

"झाले की बरेच दिवस."

"मेल्या, मग वर का नाही आणलंस? सांगावा तरी धाडायचास!"

"माझं काम राखणीचं, बाई. औषध पोचलं म्हणून राजांना कळवलंय. तिकडे साखर वाटली म्हणे."

तिनं पोती फोडली. दवानं भिजून औषधाला बुरशी धरली होती. तळाशी हात घालून घालून जेमतेम मूठभर कोरडी पूड मिळाली. पूड पदरात बांधून ती धापा टाकत घाट चढली.

शेजारीण दारातच उभी होती. तिनं नुसती मान खाली घातली.

वैदीणबाई उंबऱ्यावर बसली. तिला रडू येईना. आपल्या दोन्ही हातांचा तिला संताप आला होता. मग उठून तिनं ती पूड शेजारणीच्या तापानं फणफणलेल्या पोराला चाटवली. बाकीच्यांसाठी काहीच उरलं नव्हतं.

ती साथ सरली तेव्हा गावात चूल पेटवायलाही फारसं कुणी राहिलं नव्हतं. तिन्ही राजांच्या दरबारांत मात्र या उपकाराचे गोडवे पुढे कितीतरी वर्षं गायले गेले.

तात्पर्य : मदतीला कितीही हात एकत्र आले, तरी औषध रोग्याच्या ओठी लागेपर्यंत कुणीही आपलं काम झालं असं म्हणू नये.